एकाच मुलखातले दोन शिकारी

फ्रान्समधल्या लियों शहरात राहणारे एत्येन म्युल्साँ हे एकोणिसाव्या शतकातले ढालकिड्यांचे मोठे जाणकार होते. जगभरातून आलेले, टाचणीला टोचलेले इवलेसे भुंगेरे त्यांच्या टेबलावर जमत आणि ते त्यांची वर्णने लिहून त्यांना नावे देत. १८५० मध्ये त्यांनी ऑस्ट्रेलियातल्या एका लाल-काळ्या ढालकिड्याचे वर्णन छापले. तीन वर्षांनी त्याच मुलखातला आणखी एक ढालकिडा नोंदला गेला. त्याची पाठ काळसर होती आणि डोके नारिंगी. या दुसऱ्याच्या नावात म्युल्साँ यांनी न्यू कॅलेडोनियात राहणाऱ्या झाविए मोंत्रूझिए या निसर्गवेड्या मिशनऱ्याचे नाव गुंफले. पहिला पुढे वेडालिया म्हणून जगभर गाजला; त्याचे आजचे शास्त्रीय नाव रोडोलिया कार्डिनालिस. दुसरा क्रिप्टोलेमस. १८८० मध्ये म्युल्साँ वारले, तोवर हे दोन्ही किडे संग्रहालयातल्या पेटीतले नमुने एवढेच होते. ते काय खातात, किती खातात, कुठल्या हवेत तग धरतात, याच्याशी कोणाला देणेघेणे नव्हते.

पुढच्या दहा-बारा वर्षांत एकाच माणसाने हे दोन्ही किडे ऑस्ट्रेलियातून उचलून कॅलिफोर्नियात नेले. दोघेही तीन-चार मिलिमीटरचे, दोघेही शिकारी, दोघांचे भक्ष्य झाडाला चिकटून रस शोषणारे मऊ, मेणकट किडे. एकाने वर्षभरात एक अख्खा बागायती धंदा वाचवला. दुसरा आला आणि बहुतेक ठिकाणी पहिल्याच हिवाळ्यात मरून गेला. शेतीच्या इतिहासात पहिल्याचे कौतुक मोठे आहे आणि ते रास्तच आहे. पण किड्याकडून कीड आवरण्याचे काम माणसाला व्यवसाय म्हणून शिकवले ते दुसऱ्याने. त्याचे ऋण पुरेसे मानले गेलेले नाही.

कॅलिफोर्नियातल्या बागांवरचे संकट ऑस्ट्रेलियातूनच आले होते. १८६८ च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या मेन्लो पार्क इथे बाभळीच्या जातीच्या शोभेच्या झाडांवर एक नवी खवले कीड दिसली. मादीच्या मागच्या अंगाला कापसासारखी पांढरी, रेघारेघांची गादी असते आणि त्या गादीत शेकडो लाल अंडी. हीच कापशी खवले कीड; शास्त्रीय नाव आयसेरिया पर्चासी. ऑस्ट्रेलियन बाभळीच्या रोपांबरोबर ती समुद्र ओलांडून आली असणार. दहा-पंधरा वर्षांत ती दक्षिणेला लॉस एंजेलिसच्या संत्रीबागांत पोहोचली आणि मग तिला आवर राहिला नाही. फांद्या पांढऱ्याफटक दिसू लागल्या, पानांवर चिकटा पडू लागला, चिकट्यावर काजळी चढली, फळे गळाली. बागायतदारांनी रॉकेल, साबण, चुना यांची मिश्रणे फवारली. डी. डब्ल्यू. कॉकिलेट या कीटकशास्त्रज्ञाने झाडावर तंबू टाकून आत हायड्रोसायनिक वायू सोडण्याची पद्धत बसवली. वायू मारक होता, पण प्रत्येक झाडावर तंबू चढवण्याचा खर्च लहान बागायतदाराच्या आवाक्याबाहेरचा होता. अनेकांनी हातात करवत घेतली आणि उभ्या बागा तोडून जाळल्या.

अमेरिकेच्या कृषी खात्यात कीटकशास्त्र विभागाचे प्रमुख होते चार्ल्स व्हॅलेंटाइन रायली. त्यांनी एक साधा प्रश्न विचारला: ही कीड मूळच्या ऑस्ट्रेलियात एवढी बोकाळत का नाही? तिथे तिचा कोणीतरी शत्रू असला पाहिजे. एप्रिल १८८७ मध्ये रिव्हरसाइडला भरलेल्या बागायतदारांच्या सभेत त्यांनी हे उघड मांडले आणि तो शत्रू आणायला माणूस पाठवावा, असे सुचवले. अडचण कायद्याची होती. कीटकशास्त्रज्ञांनी सरकारी खर्चाने परदेशी जाण्याला काँग्रेसने बंदी घातली होती. वाट वेगळीकडूनच निघाली. १८८८ मध्ये मेलबर्नला मोठे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरणार होते आणि त्यासाठी परराष्ट्र खात्याकडे पैसा होता. त्या प्रदर्शनाच्या अमेरिकी मंडळात रायलींच्या विभागातला एक कर्मचारी बसवण्यात आला आणि त्याच्या मोहिमेसाठी दोन हजार डॉलर बाजूला काढले गेले.

हा कर्मचारी म्हणजे आल्बर्ट कोबेले. जन्म १८५३ चा, जर्मनीतल्या बाडेन प्रांतातला. किडे गोळा करण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. ऑगस्ट १८८८ मध्ये तो ‘अलामेडा’ बोटीने सॅन फ्रान्सिस्कोहून निघाला. त्याच्या डोक्यात ढालकिडा नव्हता. तो एका माशीच्या शोधात होता. अ‍ॅडलेडचे फ्रेझर क्रॉफर्ड यांना या खवले किडीच्या पोटात वाढणारी एक लहानशी माशी सापडली होती आणि तिचे नमुने त्यांनी रायलींना पाठवले होते. क्रॉफर्ड हे पेशाने छायाचित्रावरून शिळाछापाचे काम करणारे. विज्ञानाच्या इतिहासात अशा हौशी माणसांचा वाटा किती मोठा असतो! कोबेले अ‍ॅडलेडला गेला, माश्या गोळा करू लागला. मुळात खवले कीड शोधायलाच त्याला कष्ट पडत होते, कारण ऑस्ट्रेलियात ती तुरळकच होती. तिचा शत्रू तिथे जोरात आहे, याचा याहून चांगला पुरावा कोणता असणार?

१५ ऑक्टोबर १८८८ रोजी नॉर्थ अ‍ॅडलेडमधल्या एका बागेत त्याला खवले किडीच्या एका मोठ्या मादीला खाणारा लाल-काळा ढालकिडा दिसला. त्याने माश्यांबरोबर हे भुंगेरेही डब्यांत भरायला सुरुवात केली. डबे जहाजाच्या बर्फखोलीत ठेवले जात, म्हणजे प्रवासाच्या काळात किडे थंडीने सुस्त पडून राहतील. नोव्हेंबर १८८८ च्या अखेरीस २८ जिवंत भुंगेरे लॉस एंजेलिसला पोहोचले, डिसेंबरात ४४, जानेवारीत ५७. पहिल्या तीन खेपा मिळून १२९. कॉकिलेटने ते वोल्फस्किल यांच्या बागेतल्या एका संत्र्याच्या झाडावर तंबू टाकून आत सोडले. हा तसाच तंबू, ज्याखाली आधी विषारी वायू भरला जात होता.

एप्रिल १८८९ पर्यंत त्या झाडावरची खवले कीड साफ झाली. तंबूची एक बाजू उघडली आणि भुंगेरे शेजारच्या झाडांवर पसरले. मग बागायतदार डबे, बरण्या, फांद्या घेऊन येऊ लागले. १२ जूनपर्यंत १०,५५५ भुंगेरे २०८ बागायतदारांना वाटले गेले होते. त्यानंतर मोजण्याची गरज राहिली नाही. लॉस एंजेलिस परगण्यातून बाहेर जाणाऱ्या संत्र्यांच्या वाघिणी एका वर्षात सातशेवरून दोन हजारांवर गेल्या. साऱ्या मोहिमेचा खर्च दोन हजार डॉलरांच्या आत होता. कृतज्ञ बागायतदारांनी कोबेलेला सोन्याचे घड्याळ दिले आणि त्याच्या पत्नीला हिऱ्यांची कर्णफुले.

एवढे जमले कसे, हे समजून घ्यायचे तर वेडालियाच्या पोटापाण्याकडे पाहावे लागते. हा भुंगेरा जवळजवळ फक्त याच घराण्यातल्या खवले किडी खातो. मादी आपली लाल, लांबट अंडी खवले किडीच्या अंगावर किंवा तिच्या अंडपिशवीवर घालते. अळी जन्मताच पिशवीत शिरते आणि खायला लागते, म्हणजे तिला अन्न शोधत फिरावे लागत नाही. उन्हाळ्यात तीन-चार आठवड्यांत एक पिढी पुरी होते, तर खवले किडीची पिढी त्याहून कितीतरी सावकाश वाढते. शिकाऱ्याचा वेग शिकारीहून जास्त असल्यावर निकाल ठरलेलाच. त्यात लॉस एंजेलिसची हवा दक्षिण ऑस्ट्रेलियासारखी: कोरडा उन्हाळा, सौम्य पावसाळी हिवाळा. बागांच्या आत, समुद्रापासून दूर, उष्ण कोरड्या भागातही वेडालिया टिकला. क्रॉफर्डच्या माशीने किनारपट्टीवर आपला जम बसवला. दोघांनी मिळून मुलूख वाटून घेतला आणि पुढची पन्नास-पंचावन्न वर्षे ही कीड बागायतदारांच्या चर्चेतूनच गेली.

यशाने लोकांची डोकी फिरली. एका भुंगेऱ्याने हे केले, मग प्रत्येक किडीला एकेक भुंगेरा असणारच, फक्त आणायचा अवकाश, असे कॅलिफोर्नियाच्या फलोत्पादन मंडळात बोलले जाऊ लागले. फवारणी आणि स्वच्छता सोडून ढालकिड्याची वाट पाहणारे बागायतदार दिसू लागले. फ्लोरिडात तर उलटेच घडले. १८९३ मध्ये तिथल्या एका रोपवाटिकेने दुसऱ्याच खवले किडींसाठी कॅलिफोर्नियातून वेडालिया मागवला आणि वाटेत त्याला खायला म्हणून सोबत कापशी खवले कीडही आली. फ्लोरिडात तोवर ती नव्हती. शिकारी बोलावला, तो आपली शिकार बरोबर घेऊनच आला.

या भारावलेल्या वातावरणात कॅलिफोर्निया राज्याने पाच हजार डॉलर मंजूर केले आणि १८९१ मध्ये कोबेले पुन्हा ऑस्ट्रेलियाच्या वाटेला लागला. या वेळी त्याने ढालकिड्यांच्या कितीतरी जाती पाठवल्या. वॉशिंग्टनमधले रायली आणि कॅलिफोर्नियाचे मंडळ यांच्यात तोवर चांगलेच बिनसले होते आणि श्रेयाचा वाद पेटला होता. कोबेलेने पुढे सरकारी नोकरी सोडली आणि १८९३ मध्ये तो हवाईला कामाला गेला. त्याने पाठवलेल्या जातींपैकी बहुतेक कॅलिफोर्नियात रुजल्याच नाहीत. ज्या थोड्या रुजल्या, त्यांत क्रिप्टोलेमस होता.

क्रिप्टोलेमसचे माहेर वेगळे. तो ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्याचा, न्यू साउथ वेल्स आणि क्वीन्सलंडच्या उबदार, दमट पट्ट्यातला. त्याचे आवडते खाणे म्हणजे पिठ्या ढेकूण. आपल्याकडे द्राक्ष, सीताफळ, पपई, जास्वंद यांवर पीठ उधळल्यासारखा दिसणारा, बोट लावले की चिकट लागणारा तोच हा कीटक. पण क्रिप्टोलेमसचा आहार वेडालियाइतका अरुंद नाही. पिठ्या ढेकणांच्या अनेक जाती तो खातो, काही खवले किडीही खातो. मादी पिठ्या ढेकणांच्या कापशी अंडपिशव्यांमध्येच अंडी घालते. अळीचे रूप मोठे नवलाचे असते. तिच्या अंगावर पांढऱ्या मेणाचे लांब झुबके असतात, त्यामुळे ती थेट मोठ्या पिठ्या ढेकणासारखी दिसते. नवखा बागायतदार तिलाच कीड समजून चिरडतो. हे सोंग तिला मुंग्यांपासून वाचवते. पिठ्या ढेकणाच्या चिकट्यासाठी मुंग्या त्याची राखण करतात आणि जवळ येणाऱ्या शिकाऱ्याला हुसकावतात. मेणाआडच्या अळीला मात्र त्यांच्याकडून कमी त्रास होतो.

हा भुंगेरा कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यालगत, जिथे थंडी बोचत नाही, तिथे काही ठिकाणी टिकला. आतल्या खोऱ्यांत हिवाळ्याने तो संपला. आणि गोष्ट इथेच थांबली असती, तर इतिहासात क्रिप्टोलेमसची नोंद एका ओळीची झाली असती.

१९१३ च्या सुमारास दक्षिण कॅलिफोर्नियात लिंबूवर्गीय बागांवर पिठ्या ढेकणाची एक नवी जात दिसली आणि वेगाने पसरली. तेव्हा राज्याच्या कीटकशाळेचे काम पाहणारे हॅरी स्कॉट स्मिथ यांनी जुन्या, जवळजवळ विसरलेल्या भुंगेऱ्याकडे नव्या नजरेने पाहिले. जैविक नियंत्रण हा शब्दप्रयोग आजच्या अर्थाने १९१९ मध्ये रूढ केला तो याच स्मिथनी. त्यांचा विचार असा होता: हिवाळ्यात मरत असेल तर मरू दे; आपण तो घरात वाढवू आणि दरवर्षी नव्याने सोडू. पण वाढवायचा कशावर? पिठ्या ढेकणावर. आणि पिठ्या ढेकूण वाढवायचा कशावर? उत्तर सापडले बटाट्यात. अंधाऱ्या खोल्यांत तबकांमधून बटाट्यांना कोंब आणायचे, कोंबांवर पिठ्या ढेकूण पसरायचे आणि ते माजले की त्यांच्यावर क्रिप्टोलेमस सोडायचा. नवे भुंगेरे बाहेर पडले की उजेडाच्या ओढीने खिडकीकडे धाव घेतात. तिथून ते अलगद गोळा करता येतात. झाडामागे दहा भुंगेरे सोडायचे, असे प्रमाण ठरले.

१९२० च्या दशकात दक्षिण कॅलिफोर्नियातल्या बागायतदारांनी वर्गणी काढून, सहकारी संस्था करून, परगण्याची मदत घेऊन अशा कीटकशाळा उभ्या केल्या. फिलमोरच्या बागायतदारांची कीटकशाळा पुढे कित्येक दशके चालली. या इमारतींत काम करणारी माणसे पुस्तकी कीटकशास्त्रज्ञ नव्हती. कोंब किती दिवसांचा असावा, खोलीत ऊब किती हवी, मुंग्या आत येऊ नयेत म्हणून तबकाचे पाय कशात बुडवायचे, हे ती हाताने शिकली. वेडालियाने माणसाकडून फक्त पोचवण्याचे काम मागितले होते. क्रिप्टोलेमसने रोजची मेहनत मागितली आणि त्यातूनच एक नवा धंदा जन्माला आला: किडे पाळून विकण्याचा. आज जगभर मित्रकीटक विकणाऱ्या ज्या कंपन्या आहेत, त्यांची मुळे या बटाट्याच्या खोल्यांपर्यंत जातात.

१९२८ मध्ये सिडनीच्या आसपासहून दोन परजीवी गांधीलमाश्या आणल्या गेल्या आणि त्यांनी ही पिठ्या ढेकणाची जात दोन-तीन वर्षांत आटोक्यात आणली. पण तोवर क्रिप्टोलेमसनेच बागा सांभाळल्या होत्या आणि कीटकशाळा बंद पडल्या नाहीत.

भारतात या दोघांचे आगमन उलट क्रमाने झाले, क्रिप्टोलेमस आधी आणि वेडालिया नंतर. १८९८ मध्ये दक्षिण भारतातल्या कॉफीमळ्यांवर हिरव्या खवले किडीने धुमाकूळ घातला होता. एच. ओ. न्यूपोर्ट यांनी क्रिप्टोलेमस आणवला. हिरव्या खवले किडीविरुद्ध त्याचे काही चालले नाही, कारण ते त्याचे खरे भक्ष्यच नव्हे. मोहीम फसली म्हणून कागद मिटला गेला. किडा मात्र मरून गेला नव्हता. दक्षिणेच्या उबदार हवेत त्याला पिठ्या ढेकूण भरपूर मिळाले आणि तो कोणाच्या नकळत तिथे रुजला. कित्येक दशकांनी कर्नाटकातल्या बागांमध्ये तो आढळला, तेव्हा शास्त्रज्ञांना तो नव्याने परदेशातून आणावा लागला नाही.

वेडालियाची भारतीय कथा निलगिरीची. तिथे कातडी कमावण्याच्या सालीसाठी वॉटल या बाभळीच्या जातीच्या ऑस्ट्रेलियन झाडाची लागवड होती आणि १९२० च्या दशकात त्या झाडांवर कापशी खवले कीड पसरली. ऑस्ट्रेलियाचे झाड, ऑस्ट्रेलियाची कीड, निलगिरीची थंड हवा. १९२९ मध्ये वेडालिया आणवला गेला, उटीच्या परिसरात सोडला गेला आणि त्याने आपले काम चोख केले. पुढे कोडाईकनालकडेही तो नेला गेला. इथे दोघांचे स्वभाव शेजारी ठेवून पाहता येतात. एकाच देशात आलेला एक शिकारी चुकीच्या शिकारीवर सोडला म्हणून आयुष्यभर पाठीवर अपयशाचा शिक्का घेऊन वावरला. दुसऱ्याला आपली शिकार आणि आपली हवा दोन्ही मिळाल्या म्हणून तो यशाचे उदाहरण झाला. किड्यांत खोट नव्हती.

दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटी आले आणि कॅलिफोर्नियाने आपल्याच इतिहासाकडे पाठ फिरवली. १९४६-४७ च्या सुमारास सॅन वाकिन खोऱ्यातल्या लिंबूवर्गीय बागांत डीडीटी फवारले गेले. त्याने कापशी खवले किडीचे फारसे बिघडवले नाही, वेडालिया मात्र मेला. अर्ध्या शतकापूर्वी हद्दपार झालेली कीड पुन्हा फांद्यांवर पांढरी चढली. एकेका भुंगेऱ्याला एक डॉलर मोजायला बागायतदार तयार झाले, तोच भुंगेरा जो त्यांच्या आजोबांना फुकट मिळाला होता. फवारणीचे वेळापत्रक बदलले, भुंगेरे परत आणले, सारे सावरले. तरी १९९८-९९ मध्ये त्याच खोऱ्यात हे पुन्हा घडले. या वेळचे औषध नव्या पिढीचे होते, कीटकाच्या वाढीत अडथळा आणणारे, माणसाला सौम्य. पण वेडालियाच्या अळीला आणि कोषाला ते सोसवत नव्हते. वेडालियाचे बळ त्याच्या अरुंद आहारात आहे आणि त्याचा दुबळेपणाही तिथेच आहे. खवले कीड संपली की तो दुसरे काही खाऊन जगत नाही. त्यामुळे बागेत त्याची संख्या नेहमी थोडीच असते आणि एका फवारणीने तीही पुसली जाते.

क्रिप्टोलेमसच्या ऐसपैस भुकेचे दुखणे वेगळे. दक्षिण आफ्रिकेत रानमोकाट पसरलेल्या निवडुंगाला आवरण्यासाठी तिथल्या शास्त्रज्ञांनी निवडुंगाचा रस शोषणारे कोचिनील किडे सोडले. आता इथे किडा हाच मित्र होता आणि निवडुंग शत्रू. पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फळबागांसाठी आणलेला क्रिप्टोलेमस तिथे हजर होताच. कोचिनील किडे पिठ्या ढेकणासारखेच कापूस पांघरलेले. त्याने त्यांच्यावर ताव मारला आणि निवडुंग वाचला. शेवटी निवडुंगावर डीडीटीची हलकी फवारणी करून क्रिप्टोलेमसला दूर ठेवण्याची वेळ आली, म्हणजे कोचिनील किड्यांना आपले काम करता येईल. कॅलिफोर्नियात डीडीटीने मित्र मारला म्हणून हाहाकार झाला. दक्षिण आफ्रिकेत मित्राला मारायलाच डीडीटी वापरले गेले. बागेत उपकारक असलेला भुंगेरा माळावर उपद्रवी ठरतो. हे काम करणाऱ्या प्रत्येकाने आधी विचारायला हवे की कुठे, कोणावर आणि शेजारी आणखी कोण राहते.

हा प्रश्न सर्वांत काळजीपूर्वक विचारला गेला तो गालापागोस बेटांवर. कापशी खवले कीड तिथे १९८२ मध्ये नोंदली गेली आणि खारफुटीसकट बेटांवरच्या कितीतरी मूळच्या वनस्पतींवर पसरली. उपाय सर्वांना ठाऊक होता. तरी चार्ल्स डार्विन संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी घाई केली नाही. वेडालिया बंदिस्त खोलीत ठेवून त्याच्यापुढे बेटांवरचे इतर कीटक ठेवले आणि तो त्यांना हात लावतो का, ते तपासले. त्याने लावला नाही. २००२ मध्ये तो सोडला गेला. जैविक नियंत्रणासाठी या बेटांवर मुद्दाम सोडलेला तो पहिला कीटक. १८८८ मध्ये कोबेलेने अशी एकही चाचणी केली नव्हती. त्या वेळी ज्या अरुंद भुकेमुळे सगळे सुखरूप पार पडले, तीच आता प्रयोगाने सिद्ध करून मग दार उघडले गेले. क्रिप्टोलेमस त्या चाचणीत बसला असता, असे वाटत नाही.

आणि तरीही, जिथे पिठ्या ढेकूण उधळतो तिथे लोकांना त्याचीच आठवण येते. १९९४ मध्ये कॅरिबियन समुद्रातल्या ग्रेनेडा बेटावर जास्वंदीवरचा गुलाबी पिठ्या ढेकूण दिसला आणि पाठोपाठ त्रिनिदादला पोहोचला. जास्वंदीची कुंपणे, रेनट्री, फळझाडे, भाजीपाला आक्रसू लागला. शेजारच्या बेटांनी माल घेणे थांबवले. ही कीड मूळची आशियातली, म्हणून मदतही आशियातून मागितली गेली. १९९६ मध्ये क्रिप्टोलेमस भारतातून तिकडे पाठवला गेला आणि चीनमधून एक परजीवी गांधीलमाशी. भुंगेऱ्यांनी आधी पांढरे झालेले झुबके खाऊन कमी केले, मग गांधीलमाशीने उरलेली कीड दीर्घकाळ दाबून ठेवली. जो किडा भारतात शतकापूर्वी निकामी म्हणून विसरला गेला, त्याचे वंशज आता भारतातून समुद्रापार धाडले जात होते.

हाच गुलाबी पिठ्या ढेकूण महाराष्ट्राच्या द्राक्षपट्ट्यातला जुना शत्रू आहे. नाशिक, सांगली, सोलापूर, पुणे, कुठेही द्राक्ष बागायतदाराला विचारा. खरड छाटणीनंतर तो सुटलेल्या सालीखाली, ओलांड्यांच्या खाचांत दडून राहतो. मणी भरायला लागले की मुंगळ्यांच्या संगतीने घडात उतरतो, चिकटा सोडतो, त्यावर काजळी येते आणि निर्यातीचा माल स्थानिक बाजारात फुकापासरी जातो. त्याच काळात औषध फवारायचे म्हटले तर मण्यांवर विषाचा अंश राहतो आणि युरोपच्या प्रयोगशाळेत तो अंश मोजला जातो. या अडचणीच्या महिन्यांसाठी क्रिप्टोलेमस उपयोगी पडतो.

भारतीय कीटकशाळांनी बटाट्याच्या कोंबांऐवजी लाल भोपळा निवडला. पिकलेला, खोबणीदार, टणक सालीचा भोपळा धुऊन, जखमा मेणाने बुजवून पिंजऱ्यात ठेवतात आणि त्याच्यावर पिठ्या ढेकूण सोडतात. तो पांढरा होऊन गेला की भुंगेऱ्यांची पाळी. महिन्याभरात नवी पिढी बाहेर येते. बटाट्याचे कोंब अंधाऱ्या खोल्यांचे. भोपळा आपल्याकडे कुठेही मिळतो आणि उष्णतेत महिना-दोन महिने टिकतो. कॅलिफोर्नियाचे तंत्र तसेच उचलले नाही, ते इथल्या हवेला जुळवून घेतले, हे या कामातले शहाणपण.

पण क्रिप्टोलेमसच्या जुन्या अटी महाराष्ट्रातही सुटलेल्या नाहीत. मुंगळ्यांचा बंदोबस्त आधी करावा लागतो. सुटलेली साल काढून खोड उघडे करावे लागते, म्हणजे भुंगेऱ्याला शिकार सापडेल. सोडण्याच्या आधी आणि नंतर कडक औषध वर्ज्य. मेणाचे झुबके वागवणारी अळी म्हणजे कीड नव्हे, हे बागेत काम करणाऱ्या प्रत्येक मजुराला दाखवून द्यावे लागते. आणि शेवटची अट त्याच्या क्वीन्सलंडी रक्ताची: त्याला ऊब हवी. निफाडला डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा अनेकदा राज्यात सर्वांत खाली उतरतो आणि नेमके तेव्हाच घडांत साखर भरत असते. त्या गारठ्यात भुंगेरा मंदावतो. म्हणून तो सोडायचा तर थंडी पडण्याआधी, पावसाची उघडीप मिळाल्यावर, कीड अजून खोडावर असतानाच सोडावा लागतो. घड पांढरे झाल्यावर धावाधाव करून मागवलेल्या डब्याचा तिथे उपयोग होत नाही.